अंटार्क्टिका, दोन्ही ध्रुव आणि तिथलं संशोधन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लोक पुन्हा पुन्हा जे विचारतात ते इथे एका जागी जमवलंय. सोपे प्रश्न आधी, वाकडे नंतर. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात येऊन गेली असेल तर तिथला नंबर दिलाय, परत तेच लिहीत बसलो नाही. बहुतेक जण थंडीचंच विचारतात, आणि खरं सांगायचं तर थंडी हा तिथला त्यातल्या त्यात सोपा प्रॉब्लेम आहे. इंधन, आग, घाम आणि वाट बघणं हे जास्त अवघड.

१. दोन्ही ध्रुवांवर बर्फच आहे ना, मग फरक काय?

फरक बर्फाखाली आहे. उत्तरेला समुद्र आहे आणि त्यावर दोनतीन मीटर जाडीचा बर्फ तरंगतो. दक्षिणेला अख्खा खंड आहे, साधारण १ कोटी ४० लाख चौरस किमीचा, आणि त्याच्यावर सरासरी जवळजवळ २ किमी जाड बर्फ, काही ठिकाणी तर साडेचार किमीच्याही वर. म्हणून दक्षिण ध्रुवावर कायमचं स्टेशन बांधता आलं, उत्तर ध्रुवावर नाही, कारण तिथला बर्फ वाहत असतो, आज ध्रुवावर झेंडा रोवला तर उद्या तो कुठल्या कुठे गेलेला असतो. आणि हो, पांढरं अस्वल फक्त उत्तरेला, अंटार्क्टिकाचे पेंग्विन दक्षिणेला. दोघं एकत्र दिसतात ते फोटो बनवलेले आहेत.

२. थंडी नक्की किती असते? आणि दक्षिण ध्रुव जास्त थंड का?

जमिनीवरच्या हवामान केंद्रात मोजलेलं सगळ्यात कमी तापमान रशियाच्या व्होस्टोक स्टेशनवरचं, २१ जुलै १९८३ ला उणे ८९.२ अंश. दक्षिण ध्रुवावर वर्षाची सरासरी उणे ४९ च्या आसपास. पण किनाऱ्यावर भर उन्हाळ्यात शून्याच्या जवळ जातं, लोक साध्या जॅकेटवर फिरतात. त्यामुळे "अंटार्क्टिकात किती थंडी" या प्रश्नाला एक उत्तर नाहीच, कुठे आणि कधी ते आधी सांगा.

दक्षिण ध्रुव जास्त थंड कारण तो समुद्रसपाटीपासून २,८३५ मीटर उंच आहे आणि खाली जाड बर्फ. उत्तर ध्रुवाखाली समुद्र आहे आणि समुद्राचं पाणी उणे १.८ अंशाच्या आसपास गोठतं, म्हणजे बर्फाखाली त्यामानाने उबदार पाणीच आहे म्हणा ना.

तापमानापेक्षा वारा वाईट. पठारावरची थंड, जड हवा उतारावरून किनाऱ्याकडे घसरत येते. ऑस्ट्रेलियन संशोधक डग्लस मॉसनच्या तुकडीने १९१२ मध्ये किनाऱ्यावरच्या केप डेनिसनला मुक्काम केला तिथे वर्षाची सरासरीच ताशी ८० किमीच्या घरात होती. वादळातली नाही हं, सरासरी!

३. एवढा बर्फ साचलाय म्हणजे सारखा हिमवर्षाव होत असणार?

नाही, उलट तो जगातला सगळ्यात मोठा वाळवंटी प्रदेश आहे. आतल्या भागात वर्षाला जेमतेम काही सेंटिमीटर पाण्याइतकं बर्फ पडतं, पण वितळतच नाही म्हणून लाखो वर्षं साचत राहिलंय. वादळात जे उडताना दिसतं ते बहुतेक आधी पडलेलंच बर्फ असतं, वाऱ्याने उचललेलं. आकाश ढगाळ असलं की अजून एक भानगड होते, जमीन आणि आकाश एकाच पांढऱ्या रंगाचे होतात, सावली नाही, क्षितिज नाही, समोर एक फुटाचा खड्डा असला तरी दिसत नाही. याला व्हाइटआउट म्हणतात आणि अशा वेळी शहाणी माणसं टेंटमध्ये बसून राहतात.

४. कपडे कोणते घालतात? सगळ्यात जाड जॅकेट घेतलं की झालं ना?

नाही झालं. तिथे घाम हा शत्रू आहे. स्लेज ओढताना किंवा फावड्याने बर्फ काढताना माणूस घामाघूम होतो, थांबला की तोच घाम गोठतो आणि मग कितीही जाड जॅकेट असलं तरी आतून थंडी वाजायला लागते. म्हणून पातळ पातळ थर, आणि काम सुरू करायच्या आधी एक थर काढायचा, घाम यायची वाट बघायची नाही. सुती कपडे अजिबात नाहीत, ओले झाले की वाळत नाहीत. हातात पाच बोटांच्या ग्लोव्हजपेक्षा बोटं एकत्र राहतील असे मिटन्स जास्त गरम, पण त्यात साधा स्क्रू फिरवता येत नाही, त्यामुळे आत पातळ ग्लोव्ह, वर मिटन, आणि मिटनची दोरी गळ्यात, कारण वाऱ्यात मिटन उडालं तर हात गेला.

जोडीदाराचा चेहरा बघत राहणं हा नियमच आहे. नाकाच्या शेंड्यावर किंवा गालावर नाण्याएवढा पांढरा, मेणासारखा डाग दिसला की ती फ्रॉस्टबाइटची (कातडी गोठण्याची) सुरुवात, आणि ज्याला झालंय त्याला कळत नाही कारण तो भाग बधिर झालेला असतो. उघडा गरम तळवा त्यावर धरून ठेवायचा. चोळायचं नाही, बर्फाने तर मुळीच नाही, ती जुनी समजूत आहे आणि त्याने कातडीचं अजून नुकसान होतं.

५. सगळीकडे बर्फ आहे म्हणजे पाण्याचा प्रश्नच नसेल?

पाणी आहे, पण इंधन जाळल्याशिवाय मिळत नाही. छोट्या कॅम्पवर दिवसातला बराच वेळ स्टोव्हवर बर्फ वितळवण्यात जातो. म्हणजे रॉकेल संपलं की जेवण तर गेलंच, पाणीही गेलं.

दक्षिण ध्रुवाच्या स्टेशनवर बर्फात खोल गरम पाणी सोडून एक पोकळी वितळवतात आणि त्या विहिरीतून पाणी उपसतात, म्हणजे नळाला येतं ते शेकडो वर्षांपूर्वी पडलेलं बर्फ. तरी आंघोळ आठवड्यातून दोनदा, दोन दोन मिनिटं. जुनी विहीर वापरून झाली की तिचं काय होतं ते पुढच्या उत्तरात.

६. टॉयलेटचं काय करतात? (हसू नका, हा सगळ्यात जास्त आलेला प्रश्न आहे)

मोठ्या स्टेशनवर नेहमीसारखे टॉयलेट असतात. दक्षिण ध्रुवावर सांडपाणी त्या जुन्या रिकाम्या विहिरींमध्ये सोडतात, तिथेच गोठतं. किनाऱ्यावरच्या मोठ्या स्टेशनांत प्रक्रिया करतात. फिल्ड कॅम्पवर लघवीची वेगळी बाटली प्रत्येकाकडे असते, रात्री उणे ३० मध्ये टेंटबाहेर कोण जाणार, आणि त्या बाटलीवर खूण मोठी केलेली असते, का ते सांगायला नको. मॅकमर्डो या किनाऱ्यावरच्या अमेरिकन स्टेशनजवळच्या ड्राय व्हॅलीजसारख्या (बर्फ नसलेल्या कोरड्या दऱ्या) नाजूक जागेतून तर सगळंच्या सगळं परत आणावं लागतं. बाकी कचरा, बॅटऱ्या, लोखंड, रिकामे डबे, जहाजाने खंडाबाहेर.

७. तिथे वर्षातून एकदाच सूर्य उगवतो हे खरं का?

बरोब्बर ध्रुवावर हो. दक्षिण ध्रुवावर सप्टेंबरच्या शेवटी उगवतो आणि मार्चच्या शेवटी मावळतो. मावळला म्हणजे लगेच काळोख असं नाही, कित्येक आठवडे संधिप्रकाश रेंगाळतो. ध्रुवापासून जसजसं लांब जाल तसतशी ही मोठी रात्र छोटी होत जाते.

घड्याळाचं मात्र गंमतीशीर आहे. ध्रुवावर सगळे टाइम झोन एकत्र येतात, त्यामुळे सोयीचं घड्याळ निवडायचं. सामान न्यूझीलंडहून मॅकमर्डोमार्गे येतं म्हणून मॅकमर्डो आणि दक्षिण ध्रुव दोन्हीकडे न्यूझीलंडची वेळ चालते. झोपेचे हाल होतातच. हिवाळ्यात राहिलेली माणसं बोलता बोलता मध्येच थांबतात, शून्यात बघत राहतात, आणि समोरचाही तसाच असल्यामुळे कुणाला वावगं वाटत नाही.

८. हिवाळ्यात कुणी आजारी पडलं तर?

दक्षिण ध्रुवावर फेब्रुवारीच्या मध्याला शेवटचं विमान जातं, मग साधारण ४० माणसं आठेक महिने तिथेच. विमान येत नाही कारण त्या थंडीत इंधन घट्ट व्हायला लागतं, हायड्रॉलिक्स अडकतात. तरीही २००१ आणि २०१६ मध्ये छोट्या ट्विन ऑटर विमानांनी हिवाळ्यात जाऊन आजारी माणसं बाहेर काढलीत. पण हा अपवाद, यावर विसंबून कुणी जात नाही.

१९६१ मध्ये रशियाच्या नोव्होलाझारेव्हस्काया स्टेशनवर लिओनिद रोगोझोव्ह हा एकटाच डॉक्टर होता आणि अपेंडिक्स त्याचंच सुजलं. ३० एप्रिलच्या रात्री त्याने स्वतःच स्वतःचं ऑपरेशन केलं, एक जण आरसा धरून, एक जण हत्यारं देत, आणि दोघंही डॉक्टर नव्हते. आरशात उलटं दिसतं म्हणून बराचसा भाग त्याने हाताने चाचपूनच केला. दोनेक आठवड्यांत कामावर हजर.

सर्दीचंही लोक विचारतात, की बाहेरचं कुणी येत नाही मग सर्दी कशी होईल. बहुतेक होत नाही. पण १९६९ मध्ये एका ब्रिटिश बेसवर १७ आठवडे पूर्ण एकटे असलेल्या १२ जणांपैकी ६ जणांना अचानक सर्दी झाली. व्हायरस इतके दिवस कुठे दडला होता हे कोडं सुटलेलं नाही.

९. स्कॉट का हरला आणि अमुंडसेन का जिंकला?

दक्षिण ध्रुवावर आधी कोण पोचतं याची ही शर्यत. नॉर्वेचा अमुंडसेन १४ डिसेंबर १९११ ला ध्रुवावर पोचला, ब्रिटनचा स्कॉट १७ जानेवारी १९१२ ला, आणि परतीच्या वाटेवर स्कॉट आणि त्याचे साथीदार मेले. "नशीब" म्हणून सोडून देणारे आणि "स्कॉट मूर्ख होता" म्हणणारे, दोघंही आळशी उत्तर देतात असं माझं मत.

अमुंडसेनकडे कुत्रे होते आणि ते हाकणारी, स्कीवर वाढलेली माणसं होती. ५२ कुत्रे घेऊन निघाला, ११ घेऊन परत आला, बाकीचे ठरवून मारले आणि खाल्ले, माणसांनी आणि उरलेल्या कुत्र्यांनी. क्रूर वाटतं, पण हिशोब आधीच केलेला होता. त्याहून मला आवडतं ते त्याचं डेपोचं काम. वाटेत अन्न पुरून ठेवलं की परतीला ते सापडायला पाहिजे, आणि व्हाइटआउटमध्ये (प्रश्न ३) पन्नास पावलांवरचा डेपोही हुकतो. म्हणून त्याने डेपोच्या दोन्ही बाजूंना आडव्या रेषेत कित्येक किमी झेंडे लावले, प्रत्येकावर नंबर, म्हणजे वाट चुकून कुठल्याही झेंड्यापाशी आलात तरी डेपो कुठल्या हाताला आणि किती लांब ते कळतं.

स्कॉटने मोटर स्लेज, घोडे, कुत्रे आणि माणसं असं सगळंच थोडं थोडं वापरलं. एक मोटर स्लेज तर जहाजातून उतरवतानाच बर्फ फुटून समुद्रात गेली. घोड्यांना घाम येतो, कुत्र्यांना तसा येत नाही, आणि घामाचं काय होतं ते प्रश्न ४ मध्ये आलंय. शेवटच्या टप्प्यात माणसांनीच स्लेज ओढल्या. त्यात ऐनवेळी चारऐवजी पाच जण नेले, अन्नाची पाकिटं मात्र चौघांच्या हिशोबाने बांधलेली. परतीला डेपोतल्या डब्यांतलं रॉकेल कमी भरलं, ते झाकणांतून उडून गेलेलं होतं, आणि रॉकेल कमी म्हणजे पाणी कमी (प्रश्न ५). मार्चमध्ये थंडी उणे ४० च्या आसपास गेली आणि एवढ्या थंडीत स्लेजखालचं बर्फ घर्षणाने वितळत नाही, वाळूवरून ओढल्यासारखी ओढावी लागते. शेवटचे तिघं मोठ्या डेपोपासून साधारण १८ किमीवर टेंटमध्येच मेले.

टेंट सापडला तेव्हा त्यांच्याजवळ १६ किलो दगड होते, शेवटपर्यंत ओढत आणलेले. त्यात ग्लॉसोप्टेरिस या झाडाचे जीवाश्म निघाले. त्याच झाडाचे जीवाश्म भारतात आणि दक्षिणेतल्या इतर खंडांवरही सापडतात, म्हणजे हे सगळे भूभाग कधीकाळी एकत्र होते याचा तो पुरावा. शर्यतीत हरले पण विज्ञानाचं काम त्यांनी टाकलं नाही, हे विसरलं जातं.

१०. शॅकलटनचा एकही माणूस मेला नाही, बरोबर ना?

अर्धं बरोबर. शॅकलटनची ब्रिटिश मोहीम खंड एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओलांडायला निघाली होती. त्याचं एन्ड्युरन्स जहाज १९१५ मध्ये वेडेल समुद्रात बर्फात अडकून चिरडलं गेलं, पण त्यावरचे २८ च्या २८ वाचले. शॅकलटन पाच जणांना घेऊन छोट्या होडीतून सुमारे १,३०० किमी समुद्र ओलांडून साउथ जॉर्जियाला पोचला आणि ऑगस्ट १९१६ मध्ये एलिफंट बेटावरच्या २२ जणांना सोडवलं.

पण मोहिमेची दुसरी तुकडी खंडाच्या पलीकडच्या बाजूने, रॉस समुद्राकडून, शॅकलटनसाठी डेपो लावत होती. जो माणूस तिकडे कधी आलाच नाही त्याच्यासाठी. त्यांनी डेपो लावून पूर्ण केले आणि त्यात तिघं गेले. एन्ड्युरन्सचे अवशेष मार्च २०२२ मध्ये ३,००८ मीटर खोल सापडले.

११. उत्तर ध्रुवावर पहिला कोण पोचला?

पुस्तकात अमेरिकेचा पिअरी, १९०९ असं असतं, पण त्याच्याच देशाचा कुक म्हणाला मी १९०८ मध्येच गेलो. दोघांचेही दावे आज पक्के मानत नाहीत. ज्यावर वाद नाही ते असं: ध्रुवावरून पहिल्यांदा नॉर्गे हे एअरशिप (वायू भरलेलं, फुग्यासारखं तरंगणारं) गेलं, १२ मे १९२६, त्यात अमुंडसेन होता. बर्फावरून पोचणारे पहिले निर्विवाद म्हणजे राल्फ प्लेस्टेड आणि साथीदार, १९६८ मध्ये, स्नोमोबाइलवर. पुढच्याच वर्षी वॉली हर्बर्टची टीम कुत्र्यांच्या स्लेजने.

१२. दक्षिण ध्रुवाच्या फोटोत कधी चकचकीत गोळा, कधी साधा खांब. खरा कुठला?

पट्ट्यापट्ट्यांच्या खांबावरचा गोळा आणि भोवती झेंडे, तो फोटोपुरता. खरा भौगोलिक ध्रुव जवळच, छोट्या धातूच्या खुणेचा. तिथला बर्फ वर्षाला सुमारे १० मीटर सरकतो, त्यावर रोवलेलं सगळंच सरकतं, त्यामुळे दर १ जानेवारीला नवी खूण नव्या जागी रोवतात. चुंबकीय दक्षिण ध्रुव तर तिसरीच गोष्ट, तो सध्या खंडाबाहेर समुद्रात आहे.

१३. बर्फात किलोमीटरभर भोकं पाडून मिळतं काय?

जुनी हवा. बर्फ वर्षानुवर्षं साचत दबत जातं, साधारण ६० ते १०० मीटर खाली त्याचा घट्ट बर्फ होतो आणि मधली हवा बुडबुड्यांत अडकते. ती हवा काढून मोजली की त्या काळी कार्बन डायऑक्साइड किती होता ते थेट कळतं, अंदाज नाही. बर्फातल्या ऑक्सिजन आणि हायड्रोजनच्या जड-हलक्या अणूंच्या प्रमाणावरून तापमान कळतं, आणि ज्वालामुखीचे थर तारखा पक्क्या करायला उपयोगी पडतात.

आतल्या पठारावरच्या डोम सी इथे युरोपियन टीमने ३ किमीहून खोल जाऊन ८ लाख वर्षांची नोंद काढली. त्यात कार्बन डायऑक्साइड १८० ते ३०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांतले भाग) मध्ये वरखाली होतो. आज तो ४२० च्या वर आहे. जानेवारी २०२५ मध्ये त्याच भागात नवं ड्रिलिंग २,८०० मीटर खोल जाऊन निदान १२ लाख वर्षं जुन्या बर्फापर्यंत पोचलं.

काम प्रचंड संथ. ड्रिल खाली सोडायचं, दोनचार मीटरचा दंडगोल कापायचा, वर काढायचा, पुन्हा खाली. भोक दाबाने बंद होऊ नये म्हणून त्यात न गोठणारा द्रव भरून ठेवतात. काही खोलीवरचा बर्फ वर आणल्यावर आतल्या दाबाने आपोआप तडकतो, म्हणून त्याला शांत व्हायला महिनोन् महिने ठेवून देतात आणि मगच कापतात.

१४. मग बुडबुड्यातली हवा आणि भोवतीचं बर्फ एकाच वयाचं असतं ना?

नाही, आणि इथेच बरेच जण अडकतात. वरचे ६०-१०० मीटर बर्फ सच्छिद्र असल्यामुळे हवा आतबाहेर करत राहते, बुडबुडा बंद होतो तो खूप खाली. म्हणजे हवा नेहमी बर्फापेक्षा तरुण. जिथे बर्फ कमी पडतं तिथे हा फरक हजारो वर्षांचा असू शकतो, आणि तापमान आधी वाढलं की वायू आधी वाढला हे ठरवायचं तर तो नीट काढावाच लागतो.

१५. बर्फात टेलिस्कोप का पुरलाय?

दक्षिण ध्रुवावरचा आइसक्यूब. गरम पाण्याने ८६ भोकं पाडून १,४५० ते २,४५० मीटर खोलीवर ५,१६० सेन्सर लटकवलेत, एक घन किमी बर्फ म्हणजेच उपकरण. न्यूट्रिनो हा अवकाशातून येणारा अतिसूक्ष्म कण कशालाच सहसा धडकत नाही, पण क्वचित एखादा बर्फातल्या अणूला धडकला तर निळसर प्रकाश पडतो आणि सेन्सर तो पकडतात. एवढ्या खोलीवर बर्फ अतिशय स्वच्छ आणि काळोखा असतो म्हणून तिथे. २०१७ मधला एक न्यूट्रिनो कुठल्या दूरच्या आकाशगंगेकडून आला असावा तेही शोधता आलं.

१६. उल्का अंटार्क्टिकातच जास्त पडतात का?

पडतात सगळीकडे, सापडतात तिथे. पांढऱ्यावर काळा दगड दिसतो, आणि वाहत्या बर्फाला डोंगर आडवा आला की वारा वरचं बर्फ झिजवतो आणि आतले दगड एका जागी उघडे पडतात.

१७. ओझोनचं भोक तिथेच कसं सापडलं?

कारण कुणीतरी कंटाळा न करता रोज मोजत होतं. ब्रिटिशांच्या हॅली स्टेशनवर १९५० च्या दशकापासून नोंदी होत्या, म्हणून १९८५ मध्ये घट झाली हे ठामपणे सांगता आलं. दोन वर्षांत मॉन्ट्रियल करार, ओझोन खाणारे वायू थांबवण्याचा.

१८. स्टेशनं बर्फात गाडली जातात म्हणजे?

बर्फ पडत राहतं, वितळत नाही, त्यामुळे काही वर्षांत इमारत खाली जाते. हॅलीची सुरुवातीची स्टेशनं अशीच गेली, भारताचं १९८३-८४ मधलं दक्षिण गंगोत्रीही. मग मैत्री खडकावर बांधलं, १९८९ मध्ये, आणि भारतीही खडकावर, २०१२ मध्ये. सध्याचं हॅली पायांवर उभं आहे आणि पायांना स्की लावलेत. बर्फाला मोठी भेग वाढत आली तेव्हा अख्खं स्टेशन ट्रॅक्टरने ओढून २३ किमी लांब नेलं.

१९. सगळ्यात जास्त भीती कशाची? थंडीची की क्रेव्हासची (बर्फातल्या खोल भेगांची)?

आगीची. हवा इतकी कोरडी की लाकूड लगेच पेटतं, वारा असतोच, पाणी गोठलेलं, आणि फायर ब्रिगेड म्हणजे तुम्हीच. घर जळलं की बाहेर काय आहे ते माहितीच आहे. फेब्रुवारी २०१२ मध्ये ब्राझीलचं कोमांदांते फेराझ स्टेशन जळालं, दोघं गेले. म्हणून मुख्य इमारतीपासून लांब, वेगळं अन्न, कपडे, इंधन ठेवलेला आसरा जवळजवळ प्रत्येक स्टेशनवर असतो. क्रेव्हास धोकादायक आहेच, पण दोर बांधून, जमीन तपासत चाललं तर तो धोका बराच कमी होतो.

२०. अंटार्क्टिका कुणाची? आणि २०४८ ला करार संपतो ना?

सात देशांनी हक्क सांगितलाय, ब्रिटन, अर्जेंटिना आणि चिलीचे तर एकमेकांवर चढलेले. १ डिसेंबर १९५९ च्या कराराने हे सगळे दावे आहेत तसे गोठवले, सैनिकी वापर बंद, संशोधन खुलं.

२०४८ चं मात्र चुकीचं पसरलंय. करार कधीच संपत नाही, त्याला शेवटची तारीख नाही. १९९१ च्या माद्रिद प्रोटोकॉलने खाणकामावर बंदी घातली, तो १९९८ मध्ये लागू झाला, आणि ५० वर्षांनी कुठलाही सल्लागार सदस्य (निर्णयात मत असलेला) देश फेरविचाराची बैठक मागू शकतो, एवढंच. बैठक झाली तरी खाणकामासाठी बंधनकारक पर्यायी कायदा असल्याशिवाय बंदी उठत नाही. याच प्रोटोकॉलमुळे बाहेरचे प्राणी बंद झाले आणि १९९४ मध्ये शेवटचे स्लेजचे कुत्रे खंडावरून गेले.

२१. मी शास्त्रज्ञ नाही, मग जाता येईल का?

येईल, आणि मोठ्या स्टेशनवर बिगरशास्त्रज्ञच जास्त असतात. स्वयंपाकी, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, वेल्डर, डॉक्टर, रेडिओवाले, जड गाड्यांचे मेकॅनिक. मॅकमर्डोहून दक्षिण ध्रुवापर्यंत सुमारे १,६०० किमी ट्रॅक्टरचा ताफा इंधनाच्या मोठमोठ्या पिशव्या ओढत नेतो, कित्येक आठवडे, आणि तो ताफा पोचला नाही तर टेलिस्कोप, लॅब, आंघोळ सगळंच अडेल. अर्ज त्या त्या देशाच्या ध्रुवीय संस्थेकडे करायचा, मेडिकल कडक असते, हिवाळ्यासाठी मानसिक तपासणीही, आणि दातांचं काम जायच्या आधीच उरकून घ्यावं लागतं.

फक्त बघायला जायचं असेल तर बहुतेक जण उन्हाळ्यात जहाजाने जातात. एका जागी एका वेळी १०० पेक्षा जास्त जणांना उतरू देत नाहीत आणि ५०० हून जास्त प्रवासी असलेल्या जहाजातून तर उतरताच येत नाही, त्यामुळे बुक करण्याआधी जहाज केवढं आहे ते बघा. पेंग्विनपासून ५ मीटर लांब राहायचं. तो आपणहून जवळ आला तर? तर तुम्ही हलू नका, त्याला जायचं तिकडे जाऊ द्या.